पुढे उचलायचं, तर मागे वजन का लावायचं?

अमेरिकेत शहराबाहेर पाच-दहा एकर जागा घेऊन राहणाऱ्या कुणाकडे गेलात, तर शेडमध्ये एक छोटा ट्रॅक्टर हमखास दिसतो. त्याला पुढे दोन लोखंडी हात असतात आणि हातांच्या टोकाला बकेट. यालाच फ्रंट-एंड लोडर म्हणतात. माती हलवायची, झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा टाकायचा, हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ बाजूला करायचा, सगळं या लोडरनं होतं. आता ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहा. तिथे कधीकधी एक चमत्कारिक वस्तू लटकलेली असते. काँक्रीटचा ठोकळा, नाहीतर वाळूनं भरलेली लोखंडी पेटी. ती नांगरत नाही, कापत नाही, फिरत नाही. ट्रॅक्टर जाईल तिकडे निमूटपणे मागे जाते, एवढंच.

या वस्तूला बॅलास्ट म्हणतात. आपल्या भाषेत मागचा भार म्हणू. नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्याला हा खर्च फुकटचा वाटतो. ‘ट्रॅक्टर आधीच टनभर वजनाचा आहे, लोडर व्यवस्थित उचलतोय, मग आणखी तीनशे किलो कशाला ओढत फिरायचे?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमात आहे. पण ते पूर्ण उत्तर नाही. तरफेच्या पुढे आणखी दोन गोष्टी आहेत, आणि माणसाचा जीव बहुतेक वेळा त्या दोन गोष्टींमुळे धोक्यात येतो. आज हे सगळं गणित आकडे घालून पाहू.

ट्रॅक्टर मुळात कशासाठी बनला?

पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात रस्त्यावर एक दृश्य नेहमी दिसतं. मागे उसानं खच्चून भरलेल्या ट्रॉल्या, पुढे चढ, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेलेली. मागून ओढ लागली की ट्रॅक्टरचं नाक वर जातं. म्हणून तिथे ट्रॅक्टरच्या नाकापुढे लोखंडी वजनं अडकवतात.

ट्रॅक्टरचा आराखडाच या कामासाठी, म्हणजे मागे ओढण्यासाठी झालेला आहे. मागची चाकं मोठी, ताकद मुख्यतः तिथून जमिनीत उतरते, ब्रेकही बहुतेक लहान ट्रॅक्टरांत मागच्याच चाकांना असतात. चारही चाकं चालणाऱ्या ट्रॅक्टरचं साधारण ४० टक्के वजन पुढच्या ॲक्सलवर आणि ६० टक्के मागच्या ॲक्सलवर असतं. नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं तर आणखी मागे असतं.

लोडर लावला की हा सगळा हिशेब उलटा होतो. आता ओझं पुढे आहे, तेही पुढच्या चाकांच्या बरंच पुढे. उसाच्या ट्रॅक्टरचं नाक वर जातं, तसा लोडरच्या ट्रॅक्टरचा मागचा भाग वर जाऊ पाहतो.

पुढचं ॲक्सल म्हणजे टेकू

सी-सॉ आठवा. मध्ये टेकू, दोन बाजूंना दोन मुलं. हलकं मूल टेकूपासून लांब बसलं, तर जड मुलाला उचलू शकतं. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, या गुणाकाराला भौतिकशास्त्रात परिबल म्हणतात. दोन्ही बाजूंची परिबलं सारखी झाली की समतोल.

लोडरच्या ट्रॅक्टरमध्ये पुढचं ॲक्सल हा टेकू. त्याच्या पुढचं सगळं वजन मागची चाकं उचलायला पाहतं. त्याच्या मागचं सगळं वजन ती जमिनीवर दाबून ठेवतं.

एक नमुन्याचा ट्रॅक्टर घेऊ. हे आकडे कुठल्या विशिष्ट मॉडेलचे नाहीत. हिशेबाला सोपे जावेत म्हणून निवडले आहेत, पण लहान ट्रॅक्टरांच्या घरातलेच आहेत.

- चालकासह ट्रॅक्टर: ११०० किलो (पुढे ४४०, मागे ६६०)
- पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर: १.६ मीटर
- लोडरचे हात आणि रिकामी बकेट: ३०० किलो, गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलच्या ०.५ मीटर पुढे
- बकेटमधली ओली माती: ४०० किलो, पुढच्या ॲक्सलच्या १.४ मीटर पुढे

चारशे किलो ऐकायला जास्त वाटतात, पण ओल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाहून जड भरतो. पाव घनमीटरची बकेट शिगोशीग भरली की चारशे किलो सहज होतात.

आता पुढच्या ॲक्सलभोवती परिबलं मांडू. मागे दाबणारं: ६६० × १.६ = १०५६. मागून उचलणारं: लोडरचं ३०० × ०.५ = १५०, मातीचं ४०० × १.४ = ५६०. वजाबाकी केली की उरतात ३४६. याला १.६ नं भागलं की मागच्या ॲक्सलवर उरलेलं वजन मिळतं: २१६ किलो.

लोडर नसताना मागे ६६० किलो होते, आता २१६ उरले. सगळं मिळून १८०० किलोच्या धुडाचे १५८४ किलो पुढच्या दोन लहान चाकांवर आले. मागच्या मोठ्या चाकांवर फक्त १२ टक्के. हे सपाट जमिनीवर, ट्रॅक्टर उभा असताना. याच हिशेबानं मातीचं वजन सुमारे ६४७ किलो झालं की मागची चाकं हवेत.

बकेटऐवजी पॅलेट उचलायचे फोर्क लावले, तर वजन आणखी पुढे जातं. तेच ४०० किलो १.४ ऐवजी १.९ मीटरवर गेले, तर मागे उरतात जेमतेम ९१ किलो. वजन तेवढंच, फक्त अर्धा मीटर पुढे. शिवाय लोडरचे हात वर जाताना वर्तुळाच्या कमानीत फिरतात. बकेट हातांच्या बिजागरीच्या उंचीला येते, तेव्हा ती सगळ्यात जास्त पुढे असते. म्हणजे जमिनीवरून नीट उचललेलं ओझं अर्ध्या वाटेवर जास्त भारी पडतं.

हायड्रॉलिक्सला मागचं दिसत नाही

‘पण लोडर तर आरामात उचलतोय की!’ असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण लोडर किती उचलतो हे ठरतं तेलाच्या दाबावर आणि सिलिंडरच्या आकारावर. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १७० किलो दाब असेल, तर एक सिलिंडर तीन टनांपेक्षा जास्त जोर लावतो. दोन सिलिंडर मिळून सहा टनांच्या वर. हातांच्या लांबीमुळे त्यातला बराचसा जोर बकेटपर्यंत पोचत नाही, तरी उरतो तो पुरेसा असतो.

या सगळ्या हिशेबात मागच्या चाकांचा उल्लेख कुठेच नाही. पंपाला ट्रॅक्टर समतोल आहे की कलंडायला आला आहे, हे कळत नाही. म्हणून ‘उचलतो’ आणि ‘उचलून सुरक्षित चालतो’ हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला जाहिरातीत छापलेला असतो. दुसरा मागे काय लावलं आहे त्यावर ठरतो.

किती वजन, यापेक्षा कुठे?

आता मागे तीनशे किलोचा ठोकळा लटकवू. थ्री-पॉइंट लिंकेजवर, मागच्या ॲक्सलच्या ०.९ मीटर मागे. म्हणजे पुढच्या टेकूपासून २.५ मीटर. त्याचं परिबल ३०० × २.५ = ७५०. आधीचे ३४६ त्यात मिळवले की १०९६, भागिले १.६, म्हणजे मागच्या ॲक्सलवर ६८५ किलो.

जरा थांबून हा आकडा पाहा. आपण ३०० किलो टाकले, पण मागच्या ॲक्सलवर ४६९ किलो वाढले! वरचे १६९ कुठून आले? पुढच्या ॲक्सलवरून. तिथलं वजन १५८४ वरून १४१५ वर उतरलं. कारण या ठोकळ्यापुरतं मागचं ॲक्सलही टेकूचं काम करतं. ठोकळा त्याच्या मागे खाली ओढतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं नाक थोडं वर उचललं जातं.

तेच ३०० किलो मागच्या टायरमध्ये द्रव भरून किंवा चाकांना लोखंडी चकत्या लावून दिले असते तर? तेव्हा वजन बरोबर मागच्या ॲक्सलवर बसतं. मागे २१६ चे ५१६ होतात, ठीक. पण पुढे १५८४ चे १५८४ च राहतात. पुढच्या ॲक्सलची सुटका होत नाही.

हा फरक खिशालाही जाणवतो. पुढच्या ॲक्सलमधले गिअर, सील, चाक वळवणारे सांधे हे सगळं ठरावीक वजनासाठी बनलेलं असतं. त्यावर रोज जास्तीचा भार पडला, तर आधी स्टिअरिंग जड होतं, मग सीलमधून तेल गळायला लागतं, आणि दुरुस्तीचं बिल त्या काँक्रीटच्या ठोकळ्यापेक्षा कितीतरी जास्त येतं.

याचा अर्थ टायरमधला द्रव निरुपयोगी आहे असा नाही. तो वजन खाली ठेवतो, आणि उतारावर आडवं चालताना ट्रॅक्टर कलंडण्याची शक्यता कमी करतो. लोडरच्या कामाला दोन्ही असणं उत्तम. पण एकच निवडायचं असेल, तर मागे लटकवलेलं वजन.

पुढच्या ॲक्सलमधली खीळ

इथपर्यंत आपण पुढे-मागे कलंडण्याचा विचार केला. प्रत्यक्षात मागची चाकं उचलली गेली, तर बहुतेक वेळा बकेट जमिनीला टेकते आणि ट्रॅक्टर तिथेच थांबतो. घाबरगुंडी उडते, पण बकेट खाली असेल तर सहसा तेवढ्यावर निभावतं. जीवघेणं ठरतं ते कुशीवर पडणं. मागचं वजन कमी झाल्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे, आणि बऱ्याच जणांना नेमका हाच माहीत नसतो.

ट्रॅक्टरच्या पुढे उभे राहून खाली वाकून पाहा. पुढचं ॲक्सल सांगाड्याला घट्ट बसवलेलं नसतं. मधोमध एक जाड खीळ असते आणि तिच्याभोवती ॲक्सल डावी-उजवीकडे झुलतं. शेतातल्या खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून ही सोय. तराजूची दांडी मधल्या आधारावर झुलते, तशीच.

पण याचा अर्थ असा, की बाजूला कलंडायला विरोध करण्यात पुढच्या चाकांचा जवळजवळ काही वाटा नसतो. ट्रॅक्टरला पायाखाली चौकोन नसतो, त्रिकोण असतो. दोन कोपरे मागच्या चाकांपाशी, तिसरा पुढच्या खिळीपाशी. गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेली रेषा या त्रिकोणात आहे तोवर ट्रॅक्टर उभा.

त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. गुरुत्वमध्य जितका पुढे सरकेल, तितकी दोन्ही बाजूंना जागा कमी. मागच्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर धरू, म्हणजे मध्यापासून चाकापर्यंत ६० सेंटिमीटर. लोडर नसलेल्या ट्रॅक्टरचं ६० टक्के वजन मागे, तेव्हा गुरुत्वमध्याजवळ दोन्ही बाजूंना ३६-३६ सेंटिमीटर जागा. चारशे किलो माती उचलली, मागे काही नाही, मागच्या ॲक्सलवर १२ टक्के: जागा उरली ७ सेंटिमीटर. मागे ठोकळा लावला, मागच्या ॲक्सलवर ३३ टक्के: जागा जवळजवळ २० सेंटिमीटर.

सात सेंटिमीटर म्हणजे तळहाताची रुंदीही नाही. आता बकेट दोन मीटर उंच नेऊ. अंतर तेच धरू, फक्त उंची वाढवू. गुरुत्वमध्य वर जातो, आणि तेवढाच कल आला तरी तो जास्त बाजूला सरकतो. खीळ जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर धरून हिशेब केला, तर मागे वजन नसताना हा ट्रॅक्टर साडेपाच अंशांच्या आडव्या कलाला कलंडायला लागतो. साडेपाच अंश म्हणजे एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा साडेअकरा सेंटिमीटर खाली. गवतात लपलेला एखादा प्राण्याचा बिळाचा खड्डा पुरे. ठोकळा लावल्यावर हीच मर्यादा साडेचौदा अंशांच्या आसपास जाते. म्हणजे खड्डा ३० सेंटिमीटरचा हवा. हे ट्रॅक्टर उभा असतानाचे आकडे आहेत. चालत्या ट्रॅक्टरचं चाक खड्ड्यात आदळतं तेव्हा याहून कमी खोलीही पुरते.

ॲक्सलच्या झुलण्याला दोन्ही बाजूंना मर्यादा असते, तिथे लोखंडाला लोखंड टेकतं आणि पुढचं चाक आधार द्यायला लागतं. पण तोवर टन-दीड टन वजन एका बाजूला वेगानं निघालेलं असतं. ते तिथे थांबेल यावर भरवसा ठेवता येत नाही.

उतार आणि ब्रेक

आता तिसरी गोष्ट. नाक खाली करून उतारावर जाताना सगळं वजन आणखी पुढे झुकतं. आपला नमुना ट्रॅक्टर १० अंशांच्या उतारावर उतरवू. हा काही कडा नव्हे; साधारण पावणेसहा मीटर गेल्यावर एक मीटर खाली, एवढाच.

बकेट खाली ठेवली आहे, मागे वजन नाही. हिशेब केला की मागच्या ॲक्सलवर सुमारे ८८ किलो उरतात. बकेट वर असेल, तर उत्तर शून्याच्या खाली जातं, म्हणजे मागची चाकं उचललीच.

बकेट खालीच ठेवू. अठराशे किलोचा ट्रॅक्टर या उतारावर सुमारे ३१३ किलोच्या जोरानं खाली ओढला जातो. त्याला धरून ठेवायचं आहे मागच्या चाकांनी, कारण ब्रेक तिथे आहेत. गवतावर घर्षणांक अर्धा धरला, तर ८८ किलो वजन असलेली चाकं ४४ किलोचा जोर लावू शकतात. गरज ३१३ ची. ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाकं अडकून नुसती घसरणार, ट्रॅक्टर खाली जातच राहणार.

ठोकळा लावल्यावर मागच्या ॲक्सलवर ५३० किलो होतात, पकड २६५ किलोची. एकूण वजन वाढल्यामुळे उताराची ओढही वाढून ३६५ झाली. म्हणजे बॅलास्ट असूनसुद्धा नुसत्या मागच्या चाकांवर भागत नाही! इथे बॅलास्टच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात.

पहिली, फोर-व्हील ड्राइव्ह चालू ठेवणं. तो चालू असला की पुढची चाकं गिअरांमधून मागच्यांशी जोडलेली असतात, त्यामुळे मागचा ब्रेक पुढच्यांनाही अडवतो. चारही चाकांची पकड मिळून हजार किलोच्या वर जाते. बरेच जण फोर-व्हील फक्त चिखलात अडकल्यावर लावतात. लोडर भरलेला असेल तर उतरण्याआधीच तो लावायला हवा.

दुसरी, दिशा. भरलेल्या बकेटनं उतार उतरायचा असेल, तर मागे-मागे उतरा, म्हणजे जड बाजू चढाकडे राहील. आपल्या ट्रॅक्टरचं तोंड चढाकडे केलं, तर बॅलास्टसह मागच्या ॲक्सलवर सुमारे ८१९ किलो येतात, पकड ४०९ ची, ओढ ३६५ ची. आता नुसत्या मागच्या ब्रेकवरही जेमतेम का होईना, ट्रॅक्टर थांबतो. एकच ट्रॅक्टर, एकच उतार, एकच ओझं. फक्त तोंड फिरवलं.

मग नक्की काय लावायचं?

सगळ्यात स्वस्त उपाय काँक्रीटचा. काँक्रीटचा एक घनमीटर साधारण २४०० किलोचा. अर्धा मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा म्हणजे ०.१२५ घनमीटर, बरोबर ३०० किलो. साचा करून, आत सळ्या आणि लिंकेजला जोडायच्या पिना नीट बसवून असा ठोकळा घरी ओतता येतो. इथे बरेच जण २०० लिटरच्या पत्र्याच्या पिंपात काँक्रीट ओततात. पिंप काठोकाठ भरलं तर जवळजवळ ५०० किलोचं होतं, म्हणून आधी आपल्या लिंकेजची उचलायची क्षमता पाहावी. तयार पेटीचा फायदा असा, की तिच्यात वाळू किंवा दगड कमी-जास्त करता येतात.

मागे आधीच एखादं अवजार असेल, रोटाव्हेटर किंवा गवत कापायचं यंत्र, तर तेही बॅलास्टच. ते लांब असेल तर कमी वजनातही काम करतं. दीडशे किलोच्या अवजाराचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलपासून दीड मीटर मागे असेल, तर मागच्या ॲक्सलवर सुमारे २९० किलो वाढतात आणि पुढचे १४० किलो उतरतात. तोटा एवढाच, की मागे लांब शेपूट घेऊन वळताना ते कुंपणाला लागतं. आखूड आणि जड ठोकळा अरुंद जागेत बरा.

टायरमधल्या द्रवाचे प्रकार निराळे. साधं पाणी थंड प्रदेशात गोठतं. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण गोठत नाही आणि पाण्यापेक्षा जड असतं, पण गळालं तर रिम गंजवतं. अलीकडे बीटच्या रसापासून बनवलेला द्रव वापरतात. तो पाण्यापेक्षा सुमारे ३० टक्के जड असतो, कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही आणि गंजवत नाही. टायर साधारण तीन चतुर्थांश भरतात, वरची हवा उशीसारखी राहू देतात.

किती लावायचं याचं उत्तर लोडरच्या पुस्तिकेत असतं. बहुतेक पुस्तिकांत मागे किती वजन हवं आणि टायरमध्ये द्रव भरायचा की नाही, ते लिहिलेलं असतं. तो आकडा घ्यावा.

जास्त म्हणजे चांगलं असं नाही

आपल्या नमुन्यात लोडर काढून ठेवला आणि ठोकळा तसाच ठेवला, तर पुढे फक्त २७१ किलो राहतात, १४०० मधले १९ टक्के. चढावर याहून कमी. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही. उसाच्या ट्रॅक्टरची गोष्ट परत सुरू झाली. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, धुरा वर जाते, तसंच. म्हणून लोडर उतरवला की ठोकळाही उतरवायचा.

ठोकळा खाली ठेवून चालवा, पण जमिनीला घासणार नाही एवढा वर. लिंकेजचे बाजूचे साखळदंड आवळलेले असू द्या, नाहीतर वळताना तीनशे किलोचा लंबक डावी-उजवीकडे झुलतो आणि आपण जो कल टाळायला निघालो होतो तोच देतो.

आणि बॅलास्ट कितीही चांगला असला, तरी चालकाच्या मागची लोखंडी कमान उभी आणि सीटबेल्ट लावलेला हवा. या कमानीला रोप्स म्हणतात. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेला ट्रॅक्टर पगारी कामगार चालवणार असेल, तर मालकानं ती द्यावी असा नियम आहे. पण आपल्या जागेवर आपणच ट्रॅक्टर चालवत असू, तर हा नियम आपल्याला लागू होत नाही. तिथे आपली काळजी आपणच घ्यायची. अमेरिकेतल्या शेतांवर होणाऱ्या मृत्यूंमध्ये ट्रॅक्टर उलटणं हे अजूनही सगळ्यात मोठं कारण आहे. कमान आणि पट्टा दोन्ही मिळूनच काम करतात. पट्टा नसेल, तर माणूस कमानीच्या बाहेर फेकला जातो आणि ट्रॅक्टर त्याच्यावर पडतो.

तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे

वरचा हिशेब स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी करायचा असेल, तर मोठ्या गाड्यांचा वजनकाटा गाठा. ट्रॅक्टर ट्रेलरवरून न्या, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. रिकामी बकेट आणि मागे काही नाही, असे दोन आकडे. मग मागे ठोकळा लावून पुन्हा दोन. टेपनं दोन ॲक्सलमधलं अंतर आणि बकेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एवढ्यावर कुठलंही ओझं घेतल्यावर मागे किती उरेल, हे कागदावर काढता येतं.

काटा जवळ नसेल, तर ट्रॅक्टर स्वतः काही खुणा देतो. भरलेली बकेट घेऊन सपाटीवर हळू चालताना मागची चाकं जागेवरच फिरत असतील, पुढचे टायर खाली फुगत असतील, किंवा स्टिअरिंग एकदम जड झालं असेल, तर मागे वजन कमी आहे. अशा वेळी बकेट लगेच खाली घ्या, अर्धी माती ओता, आणि दोन फेऱ्यांत काम करा. अर्ध्या बकेटनं, म्हणजे २०० किलोंनी, आपल्या नमुना ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलवर २१६ ऐवजी ३९१ किलो राहतात. ठोकळा तयार होईपर्यंत हाच सगळ्यात सोपा बॅलास्ट.